तत्त्वजिज्ञासू राजपुत्र दारा शुकोह

मनुष्याने आपला उद्धार आपणच करावयाचा असतो, असे श्रीमद्भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी सांगितले आहे. जो ज्या भावाने भगवंताला शरण येतो त्याला भगवंत त्याच भावाने जवळ करतो, असे आश्वासन चौथ्या अध्यायात आहे. पहिला उपदेश साधकाच्या शिरावर त्याच्या स्वतःच्या कल्याणाचा भार ठेवतो. दुसरा त्याला इतरांच्या उपासनामार्गाविषयी आदर बाळगावयास शिकवितो. हे दोन्ही उपदेश एकाच जीवनात कसे एकत्र नांदू शकतात, हे ज्याला पाहावयाचे असेल त्याने बादशहा शाहजहानच्या ज्येष्ठ पुत्राचे चरित्र अवश्य पाहावे. दारा शुकोह जन्माने मुसलमान होता, अखेरपर्यंत मुसलमानच राहिला, आणि तरीही उपनिषदांचे फारसी भाषांतर सिद्ध करून त्याने आपल्या ऋषींचे ज्ञान जगाच्या हाती पोहोचविले.

दाराचा जन्म 20 मार्च 1615 रोजी अजमेरजवळ झाला. त्याचा पिता त्या वेळी केवळ शाहजादा खुर्रम होता. माता अर्जुमंद बानू पुढे मुमताज महल या नावाने प्रसिद्ध झाली. पुत्रप्राप्तीसाठी पित्याने अजमेरच्या ख्वाजा मुइनुद्दीन चिश्ती यांच्या दर्ग्यात प्रार्थना केली होती, असे दाराने मोठेपणी स्वतः लिहून ठेवले आहे. एका फकिराच्या आशीर्वादाने आपण या जगात आलो, ही भावना त्याच्या मनात आरंभापासून रुजलेली होती.

राजवाड्यातील जन्म म्हणजे सुखाचाच जन्म, असे मात्र नव्हे. दारा सात वर्षांचा असताना पित्याने जहांगीर बादशहाविरुद्ध बंड केले आणि त्यात त्याचा पराभव झाला. तहाच्या वेळी दारा आणि त्याचा धाकटा भाऊ औरंगजेब या दोघा बालकांना आजोबांकडे ओलीस म्हणून पाठवावे लागले. सिंहासनाच्या लोभापायी पिता आणि पुत्र एकमेकांवर शस्त्र धरतात, हे ज्या वयात मुलांनी खेळावे त्या वयात दाराने पाहिले. 1628 मध्ये शाहजहान गादीवर बसला आणि दारा साम्राज्याचा भावी वारस मानला जाऊ लागला.

1633 मध्ये त्याचा विवाह त्याच्या चुलत्याची कन्या नादिरा बानू हिच्याशी झाला. पतिपत्नींचे परस्परांवर अत्यंत प्रेम होते. दाराने स्वतः जमविलेल्या सुंदर चित्रांचा एक संग्रह पत्नीला भेट दिला होता; तो आजही लंडन येथे जपून ठेवलेला आहे. परंतु विवाहानंतर लवकरच त्यांची पहिली कन्या बाळपणीच वारली. त्या शोकाने दारा अंथरुणाला खिळला. वैद्यांचे उपाय चालेनात. तेव्हा शाहजहान त्याला लाहोर येथील वृद्ध संत मियाँ मीर यांच्याकडे घेऊन गेला.

मियाँ मीर हे कादिरी संप्रदायातील विरक्त महापुरुष होते. राजेरजवाड्यांच्या भेटीची त्यांना आवड नव्हती आणि त्यांच्या द्रव्याची तर मुळीच नव्हती. त्यांनी प्रार्थना करून पेलाभर पाणी राजपुत्राला दिले, आणि आठवड्याभरात आपण बरे झालो, असे दारा लिहितो. शरीराची व्याधी गेली ती गेलीच, परंतु त्या भेटीने त्याच्या चित्तात एक नवी तळमळ उत्पन्न केली. ज्याच्यापाशी काहीच नाही तो फकीर तृप्त आहे आणि ज्याच्यापाशी सर्व काही आहे तो राजपुत्र शोकाने झुरत आहे, हा विरोध त्याला उलगडेना. पुन्हा मियाँ मीर यांच्या दर्शनाला जाताना तो अनवाणी गेला.

1635 मध्ये मियाँ मीर यांनी देह ठेवला. त्यांचे शिष्य मुल्ला शाह बदख्शी काश्मीरात राहत असत. दाराने आणि त्याची वडील बहीण जहाँआरा हिने त्यांना गुरू केले. मुल्ला शाह यांनी राजपुत्राला आरंभी दाद दिली नाही. गुरूच्या दारी राजपुत्र आणि भिकारी यांची योग्यता सारखीच असते, आणि तेथे बापाची श्रीमंती उपयोगी पडत नाही. पुष्कळ विनवणी केल्यावर 1640 च्या सुमारास त्याला दीक्षा मिळाली. पुढे तो जी कविता करी तीत स्वतःचे नाव कादिरी असे घाली. हिंदुस्थानच्या युवराजाला त्या संप्रदायाचा एक सामान्य शिष्य म्हणवून घेणे हेच अधिक भूषणाचे वाटत होते.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. परधर्माच्या ग्रंथांकडे वळण्यापूर्वी दाराने अनेक वर्षे आपल्याच परंपरेच्या अभ्यासात घालविली. त्याचे पहिले पुस्तक 1640 मध्ये पूर्ण झाले. त्यात इस्लामी संतांची चरित्रे आहेत. त्यानंतरच्या ग्रंथात मियाँ मीर आणि त्यांचे शिष्य यांचा वृत्तांत आहे. ध्यान, प्राणसंयम आणि नामस्मरण यांविषयीही त्याने छोटेखानी पुस्तक लिहिले. स्वतःच्या घरातील विहीर खोल खणावी, मग शेजाऱ्याच्या विहिरीचे पाणी त्याच झऱ्याचे आहे की काय हे कळू शकते, असा त्याचा क्रम होता.

ईश्वर एकच आहे, ही इस्लामची मूळ शिकवण. परंतु ते एकत्व म्हणजे काय, सृष्टीतील हे अनंत रूप त्या एकाहून वेगळे आहे की त्याचेच आहे, ही शंका दाराचे मन सतत पोखरीत होती. कुराणातील गूढ वचनांचा अर्थ लावण्यासाठी त्याने यहुद्यांचा तौरात वाचला, दाविदाची स्तोत्रे वाचली, ख्रिस्ताचे शुभवर्तमान वाचले. त्याच्या मते या ग्रंथांतही एकत्वाचे विवेचन संक्षेपानेच आले होते. मग त्याच्या मनात आले की, ज्या देशात आपण जन्मलो त्या देशातील प्राचीन ज्ञानी या प्रश्नाविषयी काय सांगतात, हे तरी आपण कोठे विचारले आहे? असा प्रश्न स्वतःला विचारण्यास धैर्य लागते. पुष्कळ लोक जन्मभर परधर्मीयांच्या शेजारी राहतात, पण त्यांच्या श्रद्धेविषयी एकदाही जिज्ञासेने विचारपूस करीत नाहीत.

1653 मध्ये शाहजहानने त्याला कंदाहारच्या मोहिमेवर पाठविले. ती मोहीम अयशस्वी झाली. दाराचा पिंड सेनापतीचा नव्हता, आणि त्या पराजयाने त्याची मानहानीही झाली. परतताना लाहोर येथे बाबा लाल या वैरागी महात्म्याशी त्याची भेट झाली. अनेक दिवस त्यांचा संवाद चालला. राजपुत्र प्रश्न करी आणि बाबा उत्तर देत. दरबारातील चंद्रभान ब्राह्मण या फारसीच्या विद्वानाने तो संवाद फारसीत आणला. त्यात मूर्तिपूजेविषयीही प्रश्न आहे. बाबांनी सांगितले की, मूर्ती हे चित्त स्थिर करण्याचे साधन आहे. लहान मुली बाहुलीचा संसार मांडतात आणि खराखुरा संसार हाती आल्यावर बाहुली आपोआप बाजूला राहते, त्याप्रमाणे अंतरीचे तत्त्व कळेपर्यंत साधकाला बाह्य रूपाचा आधार लागतो. मूर्तिपूजेला विरोध करणाऱ्या धर्मात वाढलेल्या दाराने हे उत्तर शांतपणे ऐकले आणि त्याची नोंद राहू दिली. उत्तर ऐकण्याची सिद्धता नसताना जो प्रश्न विचारतो तो केवळ वादाचे निमित्त शोधीत असतो. दाराचे तसे नव्हते.

1655 मध्ये त्याने दोन समुद्रांचा संगम या अर्थाच्या नावाचा एक छोटा ग्रंथ लिहिला. ते नाव त्याने कुराणातील एका उल्लेखावरून घेतले होते. या ग्रंथात पंचमहाभूते, इंद्रिये, प्राण, आत्मा, नाद, ईश्वराची नामे, मुक्ती अशा एकेका विषयावर सूफींचे आणि आपल्या शास्त्रांचे मत त्याने शेजारी शेजारी मांडले आहे. दोन्हीकडील ज्ञान्यांत शब्दांचा भेद आहे, तत्त्वाचा नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. त्याने केलेले सर्वच मेळ शास्त्रदृष्ट्या निर्दोष आहेत असे म्हणता येणार नाही. काही ठिकाणी दोन संकल्पनांत वरवरचे साम्य आहे, तेवढ्यावरूनच त्याने त्या एक मानल्या. तथापि हा ग्रंथ आपण आपल्या कुटुंबीयांसाठी लिहिला असून दोन्ही समाजांतील अज्ञ जनांशी आपल्याला कर्तव्य नाही, असे त्याने प्रस्तावनेत स्पष्ट केले आहे. नवा पंथ काढण्याची त्याची इच्छा नव्हती. या ग्रंथाचे समुद्रसंगम नावाचे संस्कृत रूपही उपलब्ध आहे.

पुढच्याच वर्षी त्याच्या आज्ञेने योगवासिष्ठाचे नवे फारसी भाषांतर झाले. त्याच्या प्रस्तावनेत एका स्वप्नाची हकीकत आहे. वसिष्ठ मुनी आणि श्रीरामचंद्र दाराच्या स्वप्नात आले. सत्याच्या शोधात हा तुझा बंधू आहे असे सांगून वसिष्ठांनी रामचंद्रांना दाराला आलिंगन देण्यास सांगितले, आणि मग रामचंद्रांनी आपल्या हाताने त्याला मिठाई दिली. तैमूरच्या वंशातील राजपुत्राच्या अंतःकरणात श्रीरामांना कोणते स्थान मिळाले होते, हे यावरून दिसते. मथुरेच्या केशवदेव मंदिराला त्याने दगडी कठडा अर्पण केला होता, हीही गोष्ट प्रसिद्ध आहे.

त्या काळी काशीचे पंडित आणि दिल्लीचा दरबार यांचे संबंध निकटचे होते. गोदावरीच्या तीरी जन्मलेले आणि काशीत स्थायिक झालेले संन्यासी कवींद्राचार्य सरस्वती यांनी शाहजहानकडे रदबदली करून काशी आणि प्रयाग येथील यात्राकर रद्द करविला होता. त्याबद्दल देशभरच्या विद्वानांनी त्यांच्या स्तुतीपर रचना केल्या आणि त्यांचा कवींद्रचंद्रोदय नावाचा संग्रह झाला. अशा वातावरणात दाराने आपल्या आयुष्यातील सर्वांत मोठे कार्य हाती घेतले.

1657 मध्ये दिल्लीत यमुनेच्या काठी निगमबोध येथील आपल्या वाड्यात त्याने काशीचे पंडित आणि संन्यासी जमविले. सहा महिन्यांत पन्नास उपनिषदांचे फारसी भाषांतर पूर्ण झाले. त्याला त्याने सिर्र-ए-अकबर, म्हणजे सर्वांत मोठे रहस्य, असे नाव दिले. उपनिषद् या शब्दात गुरूच्या समीप बसून ग्रहण करावयाची गूढ विद्या हा जो अर्थ आहे तो या नावात नेमका उतरला आहे. ही विद्या अधिकारी शिष्यालाच द्यावयाची, असा आपला संप्रदाय. त्या विद्वानांनी परधर्मीय जिज्ञासूपुढे ती उघड केली, यात त्यांच्याही मनाचा मोठेपणा दिसून येतो.

भाषांतर करताना मूळ अर्थात काहीही वाढवू नये वा गाळू नये, आणि आपल्या मताचा आग्रह त्यात मिसळू नये, अशी दाराची प्रतिज्ञा होती. ती सर्वत्र पाळली गेली असे नाही. आचार्यांच्या भाष्यातील विवरण कित्येकदा मूळ वाक्यात मिसळले आहे. फारसी वाचकाला कळावे म्हणून ब्रह्मा, विष्णू आणि महेश यांच्या जागी इस्लामी परंपरेतील जिब्राईल, मीकाईल आणि इस्राफील या देवदूतांची नावे आली आहेत. परंतु एका परंपरेचा शब्द दुसऱ्या परंपरेत नेताना किती अडचणी येतात, हे ज्याने ते काम केले आहे त्यालाच समजते. कुराणात ज्या गुप्त ग्रंथाचा निर्देश आहे तो उपनिषदेच होत, असे मत दाराने प्रस्तावनेत मांडले. म्हणजे उपनिषदांच्या अभ्यासाने आपण आपल्या धर्मग्रंथापासून दूर गेलो असे त्याला वाटले नाही. आपला धर्मग्रंथ आपल्याला अधिक कळला, असे वाटले. हे भाषांतर कोणत्याही ऐहिक हेतूने केलेले नसून स्वतःसाठी, आपल्या मुलांसाठी, मित्रांसाठी आणि सत्याच्या शोधकांसाठी आहे, असेही त्याने नमूद केले आहे.

या कार्याची सांगता होऊन दोन-तीन महिने होतात न होतात तोच, सप्टेंबर 1657 मध्ये, शाहजहान आजारी पडला आणि चार भावांत सिंहासनासाठी युद्ध पेटले. दाराच्या दोषांवर पांघरूण घालण्याचे कारण नाही. पित्याचा लाडका असल्याने तो दरबारातच वाढला. आपल्या बुद्धीचा त्याला अभिमान होता, सल्ला देणाऱ्यांना तो तुच्छ लेखी, आणि त्याच्या बोचऱ्या बोलण्याने अनेक सरदार दुखावले होते. सर्व भूतांत एकच तत्त्व पाहणाऱ्या पुरुषाला आपल्या समोरच्या सरदाराचे मन सांभाळता आले नाही, ही उणीव त्याला फार महाग पडली. ज्ञानाची वाट जो चालतो त्याला स्वभाव जिंकण्याचा परिश्रम चुकत नाही.

29 मे 1658 रोजी आग्र्याजवळ सामूगढ येथे औरंगजेब आणि मुराद यांच्याशी दाराची गाठ पडली. ऐन लढाईत तो हत्तीवरून उतरून घोड्यावर बसला. रिकामी अंबारी पाहून आपला धनी पडला असे सैन्याला वाटले, आणि सेना उधळली. शाहजहान आग्र्याच्या किल्ल्यात बंदिवान झाला, तो 1666 मध्ये मरण येईपर्यंत. दारा दिल्ली, लाहोर, मुलतान, सिंध, कच्छ, गुजरात असा वणवण फिरला. मार्च 1659 मध्ये अजमेरजवळच पुन्हा त्याचा पराभव झाला. ज्या भूमीत नवसाने जन्म झाला तेथेच त्याची शेवटची आशा मावळली.

इराणकडे जाण्याच्या वाटेवर, बोलन खिंडीच्या अलीकडे, नादिरा बानूने प्राण सोडला. आपला देह हिंदुस्थानच्या भूमीत पुरावा, अशी तिची अंतिम इच्छा होती. दाराजवळ उरलेले थोडेसे विश्वासू सैनिक हाच त्याचा एकमेव आधार होता. ते सैनिक त्याने पत्नीच्या शवाबरोबर लाहोरला रवाना केले आणि मियाँ मीर यांच्या समाधीजवळ तिचे दफन करविले. स्वतःच्या रक्षणाचा विचार त्याने केला नाही. त्यानंतर त्याने मलिक जीवन नावाच्या सरदाराचा आश्रय घेतला. या मनुष्याला पूर्वी शाहजहानने देहान्ताची शिक्षा दिली असता दाराने रदबदली करून वाचविले होते. त्यानेच दाराला आणि त्याचा पुत्र सिपिहर शुकोह याला पकडून शत्रूच्या स्वाधीन केले.

ऑगस्ट 1659 अखेर दाराला मळक्या वस्त्रांत हत्तिणीवर उघडे बसवून दिल्लीच्या रस्त्यांतून फिरविण्यात आले. तेथे उपस्थित असलेला फ्रेंच प्रवासी बर्निये याने लिहिले आहे की, सर्वत्र लोक रडत होते, परंतु कोणाचाही हात तलवारीला गेला नाही. रस्त्यातील एका फकिराने नेहमीप्रमाणे दान मागितले, तेव्हा दाराने अंगावरची शाल काढून त्याच्याकडे टाकली, असे सांगतात.

त्यानंतर त्याच्यावर धर्मभ्रष्टतेचा आरोप ठेवण्यात आला. ब्राह्मण आणि योगी यांची संगत, त्यांच्या ग्रंथांना ईश्वरी मानणे, आणि नागरी अक्षरांत प्रभु हा शब्द कोरलेली अंगठी वापरणे, हे त्याचे अपराध ठरले. लढा मुळात सिंहासनासाठी होता आणि दारा विजयी झाला असता तर त्यानेही राज्यच केले असते, हे खरे आहे. तथापि ज्या आरोपाने त्याला मारण्यात आले तो आरोप त्याच्या जिज्ञासेवर होता. 30 ऑगस्ट 1659 च्या रात्री त्याचा वध झाला. दिल्लीत हुमायूनच्या मकबऱ्याच्या आवारात त्याचे दफन झाले.

राज्य गेले, देह गेला, परंतु निगमबोधावर झालेले काम नष्ट झाले नाही. सिर्र-ए-अकबरच्या हस्तलिखित प्रती लोकांनी जपून ठेवल्या. त्यांपैकी एक 1775 मध्ये फ्रेंच विद्वान आंकतील द्युपेरोन याच्या हाती पडली. त्याने तिचे लॅटिन भाषांतर 1801-1802 मध्ये प्रसिद्ध केले, आणि ते वाचून जर्मन तत्त्वज्ञ शोपेनहाउअर उपनिषदांचा आजन्म भक्त झाला. यूरोपात उपनिषदांचा पहिला मोठा परिचय झाला तो अशा रीतीने एका मुसलमान राजपुत्राच्या लेखणीतून.

दाराचे चरित्र गृहस्थाला दोन गोष्टी शिकविते. पहिली ही की, ईश्वराला द्यावयाचा हिशेब प्रत्येकाचा वेगळा आहे. सम्राट पित्याला पुत्रासाठी सिंहासन राखून ठेवता आले नाही, मग ज्ञान कोठून राखून ठेवता येणार? गुरूने वाट दाखविली, पंडितांनी ग्रंथ उघडले, पण शंका ज्याची त्यालाच तिच्याशी झुंजावे लागले. दुसरी ही की, ज्याला आपल्या कल्याणाची खरी चिंता असते त्याला दुसऱ्याच्या श्रद्धेची भीती वाटत नाही. दाराने इस्लाम सोडला नाही, आणि ज्या ब्राह्मणांकडून तो शिकला त्यांना त्यांचा धर्म सोडावयास सांगितले नाही. आपल्या वाटेवर दृढ राहून त्याने शेजाऱ्याला आदराने विचारले आणि मिळालेले उत्तर आपल्या मुलांसाठी लिहून ठेवले.

आपल्या घरी रोज गीतापाठ होतो. शेजारच्या घरी कोणी नमाज पढतो, कोणी ग्रंथसाहेबाचे वाचन करतो, कोणी ख्रिस्ताची प्रार्थना करतो. आपला पाठ आपण मनापासून करावा, आणि शेजाऱ्याच्या प्रार्थनेची वेळ झाली म्हणजे आपला आवाज थोडा हळू करावा. ज्याला इतके साधले त्याला दारा शुकोहच्या जीवनाचे मर्म पुष्कळसे कळले, असे समजावे.